शाळा कोणाची, परवाना कोणाचा?



या पानावर आपण नेहमी बेणे, लावणी, खताचा हप्ता आणि खोडव्याची निगा यांविषयी बोलतो. या अंकात विषय वेगळा आहे, पण तो आपल्या सभासदांनीच काढला आहे. मूल गटात आपला ऊस थोडा, धानाच्या बांध्या जास्त, आणि बरीचशी गावे जंगलाला लागून. टोल्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांची पटसंख्या कुठे पंधरा तर कुठे दहावर आली आहे. गट सभेत प्रश्न येतो, "साहेब, आमची शाळा बंद करून मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत घालणार म्हणतात. मधे जंगल आहे, वाघ आहे. कारखान्यानं आमची शाळा चालवायला का घेऊ नये?"

प्रश्न रास्त आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा विचार पुढे आणला. नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुण्याकडील पानशेत ही उदाहरणे त्यासाठी दिली गेली. त्या वेळी अशा शाळा राज्यात सुमारे १४,७०० होत्या. तेव्हापासून आपल्या टोल्यांवर धास्ती आहे. मी शेतकी पदविका घेतलेला माणूस, वकील नव्हे; पण कायद्याची पाने चाळली, त्यातून जे निघाले ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी परवान्याचे बोलू, कारण तो व्यवहार आपल्या ओळखीचा आहे. कारखान्याकडे यंत्रे असोत, ऊस असो, तोडणीच्या टोळ्या येऊन बसलेल्या असोत; साखर आयुक्तांचा गाळप परवाना मिळाल्याशिवाय मोळी टाकता येत नाही. शाळेचेही तसेच. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम १८ सांगते की मान्यतेच्या प्रमाणपत्राशिवाय कोणालाही शाळा सुरू करता येत नाही आणि चालवता येत नाही. चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर दर दिवसाला दहा हजारांपर्यंत. सरकारने किंवा जिल्हा परिषदेने स्वतः काढलेल्या शाळेला ही अट नाही. म्हणजे परवाना लागतो तो आपल्यासारख्यांना.

हा दंड कागदावरचाच आहे असे समजू नका. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मोहगाव आहे. तिथल्या ग्रामसभेने २०१९ साली ठराव करून गावातच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. नाव 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल'. लहान मुलांना घरी बोलतात त्या भाषेत शिकवायचे, हा हेतू. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली, बंद करा म्हणून कळवले आणि दंडाचे कलम दाखवले. ग्रामसभा उच्च न्यायालयात गेली. ग्रामसभेची बाजू हलकी नाही. राज्यघटनेचे कलम ३५०क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी असे सांगते. अनुसूचित क्षेत्रासाठीचा १९९६ चा पेसा कायदा सामाजिक क्षेत्रातील संस्था आणि कर्मचाऱ्यांवरचे नियंत्रण ग्रामसभा व पंचायतींच्या हाती असावे असे म्हणतो. खुद्द शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ होईल तितके मातृभाषेतून शिकवा असेच सांगते. पण परवान्याचे कलम वेगळे आणि भाषेचे कलम वेगळे. त्या दोहोंच्या मधे मोहगाव अडकले. माझे स्वतःचे मत विचाराल तर गावाने ठराव करून, वर्गणी करून चालवलेल्या शाळेला मान्यता देण्याची सोपी वाट कायद्यात असायला हवी होती. ती नाही.

अमेरिकेत अशी एक वाट काढली गेली, तिचा उल्लेख इथे करतो. मिनेसोटा राज्याने १९९१ साली कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात त्यानुसार पहिली शाळा उघडली. तिकडे यांना 'चार्टर स्कूल' म्हणतात. आपण सनदी शाळा म्हणू. पैसा सरकारचा, फी नाही, मुलांची निवड करायची नाही. जागेपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकायच्या. चालवणारे मात्र शिक्षक, पालक किंवा एखादी संस्था. सनद देणारा वेगळा असतो: कुठे स्थानिक शिक्षण मंडळ, कुठे विद्यापीठ, कुठे राज्याचे मंडळ. सनद ठरावीक वर्षांची असते, पुष्कळदा तीन ते पाच वर्षांची. पुष्कळ नियमांतून सूट मिळते, बदल्यात मुले काय शिकली ते दाखवायचे. मुदत संपली की सनद देणारा शेतात उतरून पाहतो. फुटवे बरे असतील तर खोडवा ठेवा, तूट जास्त असेल तर मोडून टाका, तोच हिशोब. सगळी राज्ये सारखी कडक नाहीत. जिथे सनद देणारा ढिला, तिथे शाळाही ढिल्या निघाल्या, आणि हंगामाच्या मध्येच शाळा बंद पडून मुले उघड्यावर आल्याचेही तिकडे घडले आहे.

आपल्याकडे असा कायदा नाही. जवळचा प्रकार पाहायचा तर मुंबई, पुणे आणि नागपूर महापालिकेच्या काही शाळा करार करून 'आकांक्षा फाउंडेशन' ही संस्था चालवते. इमारत पालिकेची, शिकवणारी माणसे संस्थेची, मुलांना फी नाही. हे पालिकांनी आपापल्या धोरणातून केलेले करार आहेत. मोठ्या शहरात देणगीदार मिळतात, म्हणून ते चालते. टोलीवरच्या पंधरा मुलांच्या शाळेसाठी तसा करार करायला कोण येणार?

मग कारखान्यापुढे रस्ते कोणते, ते पाहू.

पहिला, स्वतःची शाळा. त्यासाठी महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायदा २०१२ आहे. नोंदणीकृत संस्था किंवा न्यास अर्ज करू शकतो. २०१७ च्या दुरुस्तीने कंपन्यांनाही वाट मोकळी झाली. जमीन दाखवावी लागते, ठेव ठेवावी लागते, आधी इरादापत्र मिळते आणि अटी पुऱ्या केल्यावर परवानगी. नाव वाचूनच कळेल की अर्थसहाय्य स्वतःचे स्वतःला करायचे आहे. सरकारी अनुदानाची आशा ठेवायची नाही. ही आशा किती महागात पडते ते आपल्या राज्याने पाहिले आहे. 'कायम विनाअनुदानित' म्हणून परवानगी घेतलेल्या शाळा निघाल्या, शिक्षकांनी वर्षानुवर्षे बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर काम केले, २००९ मध्ये 'कायम' हा शब्द निघाला, २०१६ मध्ये वीस टक्के अनुदान सुरू झाले, आणि उरलेल्या टक्क्यांसाठी आझाद मैदानावर पुन्हा पुन्हा बसावे लागले. जुन्या अनुदानित शाळांची गोष्ट निराळी, तिथे पगार सरकार देते आणि व्यवस्थापन संस्थेचे. ते दार आता नव्याने उघडणारे नाही.

स्वतःची शाळा म्हणजे फी आली. पहिलीच्या, किंवा जिथून शाळा सुरू होते त्या वर्गाच्या, २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांना मोफत द्याव्या लागतात, त्याची भरपाई सरकारने करायची असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक अधिसूचना निघाली होती की एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द ठरवली. शिक्षकांनाही १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याचे संरक्षण आहे, चौकशीशिवाय कोणाला घरी पाठवता येत नाही. हे सारे योग्यच आहे, पण खर्चाचा अंदाज करताना लक्षात ठेवा. आणि मूळ प्रश्न टोलीच्या शाळेचा होता. फीची शाळा मूलसारख्या तालुक्याच्या गावी निघेल. टोलीवर निघणार नाही.

दुसरा रस्ता दत्तक शाळेचा. १८ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने ही योजना आली. सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यायची. देणगी रोख नाही; दुरुस्ती, बाके, संगणक, सेवा अशा रूपात. ग्रामीण भागात पाच वर्षांत ५० लाख किंवा दहा वर्षांत एक कोटी रुपयांचे मोल झाले तर शाळेच्या नावाला तेवढ्या मुदतीपुरते देणगीदाराचे नाव जोडता येईल, अशी तरतूद. शाळेची मालकी आणि शिक्षक सरकारकडेच राहतात. म्हणजे 'कारखान्यानं चालवायला घ्यावी' हे यातून साधत नाही, आपण फक्त खर्च करायचा. २०२५-२६ हंगामाचा केंद्राचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये आहे. त्या हिशोबाने ५० लाख म्हणजे सुमारे १,४०० टन ऊस. पाटीवर नाव लावण्यासाठी एवढा ऊस घालावा असे मला वाटत नाही. छपराच्या पत्र्यांसाठी, शौचालयासाठी, हातपंपासाठी थोडा घालावा, नाव न लावता.

आता पैसा कुठून, हा प्रश्न सभासदांनी विचारलाच पाहिजे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ६९ प्रमाणे राखीव निधीची तरतूद केल्यावर निव्वळ नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम सार्वजनिक आणि धर्मादाय कामांसाठी बाजूला काढता येते. शिक्षण हे त्यात बसते. ती खर्च करायला शासनाने अधिसूचित केलेल्या संघीय संस्थेची मान्यता लागते. नीट वाचा: निव्वळ नफ्यातून. तोट्याच्या वर्षी हा रकाना कोराच राहतो. म्हणून कोणी सभेत उठून "कारखाना शाळा चालवेल" असे भाषण ठोकले तर त्याला ताळेबंद उघडायला सांगा.

तिसऱ्या रस्त्याकडे कोणी पाहतच नाही, कारण तो फुकट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असावीच लागते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, एकूण निम्म्या महिला हव्यात. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांतून निवडतात, मुख्याध्यापक सचिव असतो. शाळेच्या कारभारावर देखरेख, आलेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष आणि शाळा विकास आराखडा तयार करणे, ही तिची कामे कायद्यात लिहिलेली आहेत. सनदी शाळेच्या मंडळाइतके अधिकार हिला नाहीत. शिक्षक नेमता येत नाही, काढता येत नाही. पण कलम २२ म्हणते की सरकारने द्यावयाच्या अनुदानाचा आधार हा आराखडा असेल. किती गावांत हा आराखडा पालकांनी वाचला आहे? माझ्या फिरतीत मी विचारतो, तेव्हा बहुतेक ठिकाणी "सरांनी सही घेतली होती" एवढेच उत्तर येते. ऊस नोंदीच्या फॉर्मवर न वाचता सही केली तर क्षेत्र चुकते आणि तोड उशिरा येते, हे आपण जाणतो. इथे तर शाळाच जाईल.

पट कमी झाला म्हणून शाळा हलवण्याचा विषय आला तर समितीने लेखी काय मांडावे, ते सांगतो. राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असे आहे. कायद्याच्या परिशिष्टात ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक सांगितले आहेत. तेव्हा नुसते "शाळा बंद करू नका" असे लिहून भागणार नाही. टोलीपासून पुढच्या शाळेपर्यंत अंतर किती, त्यात जंगलाची वाट किती, पावसाळ्यात कोणता नाला किती दिवस अडवतो, त्या वाटेवर वाघ-अस्वलाचे हल्ले झाले असतील तर वनविभागाचा पंचनामा कोणत्या तारखेचा, हे सारे लिहा. डांबरी रस्त्यावरचा एक किलोमीटर आणि मोहफुलाच्या हंगामात पहाटेच्या जंगलातला एक किलोमीटर सारखा नाही. हे मुंबईतल्या टेबलावर आपोआप कळत नाही, कागदावर आणावे लागते. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडा. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

आराखड्याची वेळही लक्षात घ्या. तो आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार हवा. तेव्हा आपली तोडणी ऐन भरात असते आणि धानाची मळणीही चालू असते; बैठक दिवसा ठेवली तर महिला सदस्य येऊच शकत नाहीत. संध्याकाळी सातनंतर शाळेतच बसा. ज्या गावांना बैठकीसाठी मोजमाप, हातनकाशा किंवा अर्ज लिहिण्यात मदत हवी असेल त्यांनी गट कार्यालयात सांगावे. उसाच्या क्षेत्राची मोजणी करणारी आपली शेतकी मंडळी टोली ते शाळा ही वाटही मोजून देतील, त्यासाठी संचालक मंडळाच्या ठरावाची गरज नाही.