कोपरा का कोसळला?

लंडन शहराच्या पूर्व भागात 'रोनन पॉइंट' नावाची बावीस मजल्यांची एक इमारत होती. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावाने त्या भागातील असंख्य घरे जमीनदोस्त झाली होती व कुटुंबांना निवाऱ्याची निकड होती. म्हणून थोड्या जागेत व थोड्या काळात पुष्कळ घरे बांधण्याची एक पद्धत तेथे स्वीकारण्यात आली. भिंतींचे व जमिनीचे काँक्रीटचे अखंड तक्ते कारखान्यात तयार करावयाचे, यारीने उचलून एकावर एक रचावयाचे आणि त्यांचे सांधे भरून टाकावयाचे. या रचनेत खांब व तुळया यांचा सांगाडा नव्हता. भिंतींवर जमीन व जमिनीवर पुन्हा भिंती, अशी ती उंच चवड होती.

१९६८ च्या मार्च महिन्यात लोक तेथे राहावयास आले. १६ मे रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास, अठराव्या मजल्यावरील कोपऱ्याच्या घरात एक स्त्री चहा करण्यासाठी उठली. शेगडीच्या नळीच्या जोडातील पितळी नट तुटल्यामुळे घरात गॅस साचला होता. तिने काडी ओढताच स्फोट झाला. ती स्वतः वाचली. परंतु घराच्या बाहेरील भिंती उडाल्या. त्यांच्या आधारावर असलेले वरचे चार मजले त्या कोपऱ्यात खाली आले आणि त्यांच्या भाराने खालच्या मजल्यांचा कोपराही एकामागून एक ढासळला. चार माणसे मृत्युमुखी पडली. सतरा जखमी झाली.

स्फोट फार मोठा असला पाहिजे, असे प्रथम कोणासही वाटेल. परंतु त्या स्त्रीच्या कानांचे पडदे शाबूत होते. दाब प्रचंड असता, तर ते फाटले असते. यावरून स्फोट फारसा मोठा नव्हता, हे तज्ज्ञांनी ताडले. मग इमारतीची अशी दशा का झाली?

विटांची चवड वरून ठेवलेले ओझे सहज पेलते. पण बाजूने धक्का दिला, तर तिच्यातील वीट सरकते. त्या भिंतींचेही असेच झाले. वरचा भार त्या पेलत होत्या. आतून बाहेर ढकलणारा दाब मात्र सांध्यांना सोसवला नाही. शिवाय एक भिंत गेल्यावर तिचा भार उचलून घेणारे दुसरे कोणीच नव्हते.

लग्नाचा मांडव आठवून पाहावा. त्याचा एखादा खांब निखळला, तरी आडव्या वाशांनी व दोरांनी बांधलेले शेजारचे खांब भार वाटून घेतात. मांडव थोडा झुकतो, पण पडत नाही. हेच तत्त्व अभियंत्यांनी उंच इमारतींना लावले. १९७० साली ब्रिटनमध्ये पाच वा अधिक मजल्यांच्या इमारतींसाठी नवा नियम झाला. एखादा आधार नाहीसा झाला, तरी हानी त्याच्या आसपासच थांबली पाहिजे. हे शक्य नसेल, तर तो आधार दर चौरस मीटरला सुमारे साडेतीन टन वजनाइतका दाब सोसणारा हवा. यासाठी भिंती, जमिनी व खांब पोलादी सळयांनी एकमेकांत घट्ट गुंतविले जातात. स्फोटाने खिडकी फुटेल, प्रसंगी भिंतही पडेल. परंतु एका घरातील अपघात साऱ्या इमारतीचा घात करणार नाही, एवढी तजवीज त्यात असते.

रोनन पॉइंटचा कोपरा पुन्हा बांधण्यात आला. पुढे १९८६ साली ती इमारत एकेक मजला सुटा करीत उतरविण्यास आरंभ झाला, तेव्हा अनेक सांधे नीट भरलेलेच नव्हते, असे आढळले. कित्येक वर्षे माणसे त्या सांध्यांवर विसंबून झोपत होती. कागदावरची रचना कितीही निर्दोष असली, तरी कोणाच्या दृष्टीस न पडणारा सांधा भरणारा हात प्रामाणिक असावा लागतो. उंच इमारतीचे खरे बळ तेथेच असते.