मोकळं कर मला

गावचा माणूस पोटासाठी मुंबईला जातो. पण मागे त्याचे घर असते, घरात माणसे असतात. शिमग्याला नाही जमले, तर गणपतीला तो परत येतो. निर्वासिताचे तसे नसते. परत गेला तर जीव जाईल, म्हणून तो देश सोडतो. १९४७ साली फाळणी झाली, तेव्हा हा शब्द आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी झाला.

अशाच एका निर्वासिताच्या गाण्यांची ही हकीकत आहे. त्यांचे नाव जे. पी. बिमेनी.

आफ्रिका खंडात बुरुंडी नावाचा देश आहे. देश लहान. महाराष्ट्राचे अकरा तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा जेवढा, तेवढाच. सगळा डोंगराळ मुलूख. लोक शेती करतात, चहा-कॉफी पिकवतात. मोठमोठे ढोल डोक्यावर घेऊन नाचायची तिथे जुनी रीत आहे. पूर्वी राजा होता. मग आधी जर्मन लोकांचे आणि नंतर बेल्जियमचे राज्य आले. १९६२ साली देश स्वतंत्र झाला आणि १९६६ साली राजेपद मोडले. बिमेनी यांचे या राजघराण्याशी नाते आहे.

या देशात हुतू आणि तुत्सी असे दोन मोठे समाज. भाषा एकच, किरुंडी. शिवारे एकमेकांना लागून. हुतू संख्येने फार जास्त. पण सैन्य आणि सत्ता बरीच वर्षे तुत्सींच्या हाती. परक्या राज्यकर्त्यांनी ही फूट आणखी रुंद केली होती. १९९३ साली निवडणूक झाली आणि पहिल्यांदाच एक हुतू गृहस्थ, मेल्शियोर न्दादाये, राष्ट्राध्यक्ष झाले. चार महिने नाही झाले, तोच ऑक्टोबरात सैन्यातल्या लोकांनी त्यांना ठार मारले. मग देश पेटला. दोन्हीकडची माणसे मेली. शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारले, शाळेतली पोरेसुद्धा सुटली नाहीत. हे युद्ध बारा वर्षे चालले आणि त्यात सुमारे तीन लाख माणसे गेली.

बिमेनी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा शाळकरी पोर होता. एकदा नव्हे, अनेकदा त्याच्या जिवावर बेतले. तो वाचला, हेच नवल!

पुढे त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात पोचला. तिथे समुद्रकाठच्या एका जुन्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज भरते. देशोदेशीची मुले तिथे एकत्र राहून शिकतात. याच कॉलेजचे एक भावंड आपल्या पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यात १९९७ पासून आहे.

इथे कायद्याची एक गोष्ट समजून घ्या. १९५१ साली जिनिव्हा शहरात अनेक देशांनी मिळून एक करार केला. ज्या माणसाला स्वतःच्या देशात छळाची खरी भीती आहे, त्याला आसरा द्यायचा. जिथे त्याचा जीव धोक्यात आहे, तिथे त्याला परत ढकलायचे नाही, असे त्यात लिहिले आहे. ब्रिटन या करारात आहे. पण आसऱ्याने पाठ टेकायला जागा मिळते, माणसे मिळत नाहीत. परकी थंडी, परकी बोली, आणि रात्री डोळे मिटले की मागचे सगळे समोर!

बिमेनी पुढे लंडनला गेले. गाऊ लागले. त्यांनी धरलेला बाज म्हणजे 'सोल'. सोल म्हणजे आत्मा. अमेरिकेत काळ्या लोकांना पिढ्यानपिढ्या गुलाम म्हणून राबवले होते. त्यांच्या चर्चमध्ये भजनासारखी गाणी होत. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची, टाळ्यांचा ठेका धरायचा. देवाला घातलेली तीच साद पुढे प्रेमाच्या आणि संसाराच्या गाण्यांत आली, तिला सोल म्हणू लागले. १९५० नंतरच्या वर्षांत हे गाणे फार गाजले. ओटिस रेडिंग हा त्यातला मोठा गवई. १९६७ साली विमान कोसळून अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेला. बिमेनी यांचा आवाज ऐकून जाणत्यांना त्याचीच आठवण होते.

२०१८ साली बिमेनी यांचा पहिला गाण्यांचा संच निघाला. नाव 'फ्री मी', म्हणजे 'मोकळं कर मला'. साथीला स्पेन देशातले 'ब्लॅक बेल्ट्स' हे वाजंत्री मंडळ. गाणी रचण्यातही त्या मंडळींचा मोठा हात. तुम्ही म्हणाल, यात लढाईची गाणी असतील. तर नाही. बहुतेक गाणी प्रेमाची आहेत. कुणी सोडून गेले आहे, कुणाची आठवण येते आहे, माणूस विनवतो आहे. मग निर्वासिताचे जिणे त्यात कुठे आले? ते आवाजात आले. जात्यावर बसलेली बाई ओवी देवाची म्हणते, पण माहेर तुटल्याचे दुःख तिच्या गळ्यातून आपोआप उतरते. तसेच हे. 'मला सोडून जाऊ नकोस' हे शब्द साधेच. पण ज्याचे घर, सोबती, देश एकदमच गेले, त्याने ते म्हटले की ऐकणारा चपापतो. मला तर वाटते, त्यांनी युद्धाचे सरळ वर्णन केले असते, तर ते एवढे आत गेले नसते.

या संचावर युरोपातले रसिक खूश झाले. गावोगावच्या जलशांतून बिमेनी गाऊ लागले. जुन्या चालीच्या काळ्या तबकडीवरही ही गाणी निघाली. २०२२ साली त्यांचा दुसरा संच आला. त्याचे नाव 'गिव्ह मी होप', म्हणजे 'मला आशा दे'.