घार कशाला येते?

धावपट्टीवरचे पक्षी हाकलायचे, या कामात माझी सगळी नोकरी गेली. जीप, वॉकीटॉकी आणि खोकाभर सुतळी बॉम्ब, एवढाच आमचा दारूगोळा. कावळे-बगळे पहिल्या बारालाच पांगायचे. टिटवी मात्र बिलंदर! बार झाला की ओरडत चार हात सरकणार आणि पुन्हा जागेवर. कडेच्या खडीतच तिची अंडी, ती जाते कुठं? पहिला पाऊस झाला की गांडुळं वर आली, पंखवाली वाळवी उठली, की सगळ्यांची पंगत बसलीच. गवत वाढू दिलं तर पंचाईत. कापावं, तर उघडे पडलेले किडे टिपायला बगळे यंत्रामागे हजर.

पण खरी धास्ती घारीची. वजन किलोच्या आत, पण उतरणारं विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास येतं आणि वेग दुप्पट झाला की धडक चौपट होते. इंजिनाची पाती वाकतात, तुटतात. एक इंजिन गेलं तरी दुसऱ्यावर उतरता येतं. 19 जून 2022ला पाटण्याहून उडालेलं विमान असंच 185 प्रवासी घेऊन सुखरूप परतलं. न्यूयॉर्कला जानेवारी 2009मध्ये रानहंस दोन्ही इंजिनांत शिरले. विमान हडसन नदीत उतरवावं लागलं. 155 जण वाचले ते वैमानिकाच्या कौशल्यानं. घाटकोपरला 20 मे 2024च्या रात्री रोहित पक्ष्यांच्या थव्याला धडकलेलं विमानही नीट उतरलं, पण तीसहून अधिक रोहित मेले. त्यांची हळहळ मला अजून वाटते.

रोहितांचा तो थवा रात्रीच्या वाटेवर होता. घारीचं तसं नाही. ती येते कुंपणापलीकडच्या नाल्यात पडलेल्या कोंबडीच्या आतड्यांसाठी. मग उन्हं तापली की तिथूनच वर चढत घिरट्या घालते, नेमकी विमानाच्या वाटेत. आमचा सुतळी बॉम्ब कुंपणापर्यंतच. विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावर कापायला, घाण टाकायला 1937च्या विमान नियमांनीच बंदी घातली. पाळतं कोण? घारीला दोष देणं सोपं, नाल्यात पिशवी भिरकावणाऱ्याला कुणी हटकत नाही.

विमानतळाजवळ राहत असाल आणि नाक्यावर अशा घाणीचा ढीग दिसला, तर फोटो काढून वॉर्ड ऑफिसात तक्रार द्या. दाद लागली नाही, तर विमानतळालाच कळवा.