वडाच्या सावलीतून नदीकडे

परिसर-अभ्यास म्हटला की आपल्यापुढे दूरची सहल उभी राहते. पण शहरातला दीड-दोन किलोमीटरचा रस्ताही विज्ञानाच्या तासाला पुरतो. उदाहरण म्हणून आपण पुण्यातले कोरेगाव पार्क घेऊ. वडांच्या गल्ल्यांतून निघायचे आणि मुळा-मुठेच्या काठी, बंड गार्डनच्या बंधाऱ्यापाशी थांबायचे.

गल्लीत शिरताच गारवा जाणवतो. पाने ऊन अडवतात, म्हणून डांबर कमी तापते. शिवाय पानांतून बाष्पोत्सर्जन होते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि ती भोवतालातूनच घेतली जाते. मुलांना गल्लीतले व हमरस्त्यावरचे तापमान मोजू द्या. मात्र दोन्हीकडे तापमापकावर पुठ्ठ्याची सावली धरावी. नाहीतर हवेचे नव्हे, उन्हात तापलेल्या तापमापकाचेच तापमान कळेल.

आता खाली पडलेले वडाचे एक फळ चिरून भिंगातून पाहा. वडाला फुले नसतात हा समज तिथेच दूर होतो. शेकडो बारीक फुले आत दडलेली असतात. टोकाच्या छिद्रातून चिमुकली वरटी आत शिरते, परागीभवन करते, काही फुलांत अंडी घालते आणि मरते. तिच्या मुली पराग घेऊन बाहेर पडतात, तेव्हा त्यांना नव्याने फळू लागलेला दुसरा वड लागतो. त्यांचे आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे. म्हणजे एकटा वड राखून भागत नाही. परिसरात वेगवेगळ्या वेळी फळणारे अनेक वड हवेत. तांबट, कोकीळ, वटवाघळे यांची सोयही त्यातूनच होते.

पारंब्यांकडेही लक्ष द्यावे. जमिनीत रुजलेली पारंबी खांबासारखी जाड होऊन फांदीचा भार पेलते. रहदारीला अडतात म्हणून पारंब्या छाटल्या, बुंध्याभोवती काँक्रीट ओतले, तर फांदी वाढते पण आधार वाढत नाही. मग पावसाळी वाऱ्यात ती कोसळते आणि ‘धोकादायक’ ठरते झाड!

शेवटी नदी. बंधाऱ्यामुळे इथे पाणी संथ होते. सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरसवर जलपर्णी पोसते आणि पृष्ठभाग झाकते. २५ अंश सेल्सिअसला स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. सेंद्रिय घाण कुजवणारे जीवाणू तो संपवतात. प्राणवायू संपला की दुसरे जीवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. नाकाला येणारा सडक्या अंड्यांचा वास त्याचाच.

गल्लीत आणि नदीत, दोन्हीकडे प्रश्न श्वासाचाच आहे: काँक्रीटखाली मुळांचा, जलपर्णीखाली पाण्याचा. आपल्या शाळेजवळच्या रस्त्यावर किती बुंध्यांभोवती हातभर तरी उघडी माती उरली आहे? वर्गाने मोजावे, नकाशावर मांडावे. पुढच्या वर्षीच्या वर्गाला तुलनेसाठी तोच नकाशा उपयोगी पडेल.