महायुद्धांतील शिपायांचीं पदकें : कडेवरील लेखाचें वाचन

पहिल्या महायुद्धांत जे शिपाई खंदकांत पडले, त्यांच्या वारसांकडे पुढें सरकारांतून पदकें आलीं. नाणीं, ताम्रपट व मोडी दफ्तरें जमविणारे आपले संग्राहक या पदकांकडे सहसा वळत नाहींत. तीं अलीकडचीं, परकीय छापाचीं व लक्षावधि काढलेलीं, म्हणून त्यांत शोधण्यासारखें कांहीं नाहीं, असा समज आहे. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाहीं. नाणें निनांवी असतें. हें पदक विशिष्ट माणसाचें असतें.

रुपेरी युद्धपदक १९१९ सालीं ठरविण्यांत आलें. त्याचा व्यास ३६ मिलिमीटर. एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहाचें मस्तक, दुसरीवर घोडेस्वार व १९१४ आणि १९१८ हे सन. मजूर पथकांतील लोकांना हेंच पदक कांशाचें मिळालें. त्याच्या जोडीचें विजयपदक कांशाचेंच, पण त्यावर पंखधारी विजयदेवता आहे. याशिवाय १९१४–१५ चा तारा. फ्रान्स व बेल्जम येथें २२ नोव्हेंबर १९१४ पर्यंत गेलेल्यांस केवळ १९१४ चा तारा मिळाला. त्याच महिन्यांत इराकांत उतरलेल्या पलटणींच्या वांट्यास मात्र १९१४–१५ चाच आला. हा भेद ध्यानांत न घेतल्यास रणक्षेत्र ठरवितांना घोटाळा होतो.

संशोधकास खरी सामग्री मिळते ती गोल पदकांच्या कडेवर व ताऱ्याच्या पाठीवर. तेथें रोमन लिपींत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण ठोकलेलीं असतात. कारकुनानें ऐकलें तसें नांव लिहिलें. ट व त, ड व द यांस त्या लिपींत एकच अक्षर, ऱ्हस्वदीर्घाचा तर प्रश्नच नाहीं. मोडी वाचणाऱ्यास ही अडचण नवी नाहीं. अशा वेळीं भरंवसा क्रमांकावर ठेवावा. एका पलटणींत एकाच नांवाचे शिपाई अनेक असूं शकतात. क्रमांक पलटणीसह घेतला म्हणजे माणूस हातीं लागतो. मात्र पलटणीवरून गांव ठरवूं नये.

१०३, ११० व ११७ या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यांत होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत त्या खंदकांत उपासमार सोसून शेवटीं कैद झाल्या. इराकांत पडलेल्या व ज्यांच्या कबरी ठाऊक नाहींत अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांचें स्मारक बसऱ्यास १९२९ सालीं उभें राहिलें. त्यावर अंमलदारांचीं नांवें कोरलीं. हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या दिली. फ्रान्समधील नव शापेल येथील स्मारकावर (१९२७) हिंदी शिपायांचीं नांवें आहेत, बसऱ्यास नाहींत. ही विषमता स्मारक आयोगानें २०२१ सालीं स्वतःच कबूल केली. आपल्याकडे सातारा, रत्नागिरी भागांतील कांहीं गांवांत या युद्धाच्या शिळा आहेत, त्यांवरही ‘या गांवांतून इतके गेले, इतके कामास आले’ एवढेंच. अशा शिपायाचें नांव धातूवर उमटलेलें राहिलें तें बहुधा पदकाच्या कडेवर.

तथापि पदकावरून तो शिपाई मेला कीं परत आला हें कळत नाहीं. दोघांचें पदक एकच. मृत्यूची साक्ष देते ती मृताच्या वारसास मिळालेली कांशाची तबकडी, व्यास सुमारें १२ सेंटिमीटर. तिच्यावर ‘तो स्वातंत्र्य व सन्मान यांकरितां मेला’ अशा अर्थाचा इंग्रजी लेख आहे. (पराधीन मुलुखांतील घरांत हा लेख कसा वाचला गेला असेल, हें वाचकांनींच ठरवावें.) पण तबकडीवर हुद्दा, क्रमांक, पलटण कांहींच नाहीं, नांव तेवढें. म्हणजे पदकाजवळ ओळख आहे व तबकडीजवळ मरण. जोडी फुटली कीं दोन्ही मुकीं होतात.

आणि ती फुटते ती चांदीपायीं. रुपेरी पदक मोडींत जातें, कांशाचें भंगारांत. १९७९–८० सालीं चांदीचे भाव चढले तेव्हां जगभर हीं पदकें वितळलीं गेलीं. नंदुरबार, शहादें, तळोदें येथील संग्राहकांनीं सराफाकडील मोडीच्या चांदींत कलदार रुपये पाहतांना गोल तुकड्याच्या कडा अवश्य तपासाव्या, आणि पदक मिळाल्यास त्याच घरांत तारा, विजयपदक वा तबकडी आहे काय हें विचारावें. कडा घासून उजळूं नये. अक्षरें तेथेंच जातात.

पुढील शोधासाठीं आयोगाची मृतांची यादी आतां संगणकजालावर खुली आहे. तींत पुष्कळ हिंदी शिपायांच्या नोंदींत बापाचें नांव, गांव, तालुका व जिल्हा येतो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं झाला. महायुद्धाच्या वेळीं हा प्रदेश पश्चिम खानदेशांत होता, तेव्हां शोध त्या नांवानें अगर नुसत्या खानदेशाच्या नांवानें करावा. गांवांचीं नांवें रोमन लिपींत अनेक परींनीं लिहून पाहावीं लागतात.