बंदुकीचा धंदा भीतीवर चालतो : अमेरिकेचा अनुभव आणि आपला परवान्याचा प्रश्न

अत्याचाराची घटना घडलेल्या गावात गेले की तरुण मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, अ‍ॅट्रॉसिटीच्या नियमांत आपल्याला शस्त्र परवाना द्यायची तरतूद आहे ना? मग आपण मागत का नाही?"

तरतूद खरोखर आहे. १९९५ च्या नियमांतील नियम ३ नुसार, अत्याचारप्रवण क्षेत्रात आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना शस्त्र परवाने देता येतात. प्रश्न रास्त आहे. 'आपण बुद्धाचे अनुयायी, आपल्याला शस्त्र कशाला' एवढं बोलून त्या मुलांना गप्प करणं मला पटत नाही. रात्री ज्याच्या घरावर दगड पडतात त्याला सुरक्षिततेबद्दल विचारण्याचा हक्क आहे. म्हणून ज्या देशात बंदूक सहज मिळते, त्या अमेरिकेत सुरक्षितता वाढली का, हे आधी पाहू.

'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सामान्य नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी बंदुका होत्या. लोकसंख्या होती साडेबत्तीस कोटींच्या आसपास. माणसांपेक्षा बंदुका जास्त! तरीही प्यू संस्थेच्या २०२३ च्या सर्वेक्षणात स्वतःची बंदूक असल्याचं सांगणारे प्रौढ जेमतेम ३२ टक्के होते. म्हणजे एकेका घरात अनेक बंदुका साठल्या आहेत.

असं का झालं, हे धंद्याच्या बाजूने पाहिलं की कळतं. मोबाईल तीन-चार वर्षांत जुना होतो. बंदूक नीट ठेवली तर आजोबांची नातवाला चालते. मग कारखाना दरवर्षी माल खपवणार कुणाला? पूर्वी शिकार हे मोठं कारण होतं. १९९९ च्या एका सर्वेक्षणात बंदूक बाळगणाऱ्यांपैकी ४९ टक्क्यांनी शिकार हे मुख्य कारण सांगितलं होतं आणि २६ टक्क्यांनी संरक्षण. २०१३ पर्यंत चित्र उलटलं : संरक्षण ४८ टक्के, शिकार ३२. शिकारीला एक रायफल पुरते. भीतीला मात्र एक कधीच पुरत नाही. घरात एक, गाडीत एक, कमरेला एक.

भीती वाढली की विक्री वाढते. २०२० मध्ये करोना आला, रस्त्यावर आंदोलनं झाली, आणि एफबीआयकडे होणाऱ्या पार्श्वभूमी तपासण्या एका वर्षात २ कोटी ८४ लाखांवरून ३ कोटी ९७ लाखांवर गेल्या. (प्रत्येक तपासणी म्हणजे एक विक्री नव्हे, पण बाजाराचा कल त्यावरून कळतो.) उलट, ट्रम्प २०१६ मध्ये निवडून आल्यावर 'सरकार आपल्या बंदुका काढून घेईल' ही भीती ओसरली आणि धंदा बसला. १८१६ पासून चालत आलेली रेमिंग्टन कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. बंदुकांचा कैवारी सत्तेवर आणि कंपनीचं दिवाळं!

एखाद्या कंपनीने शहाणपणा करायचं ठरवलं तर काय होतं? मार्च २००० मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने क्लिंटन सरकारशी करार केला. बंदुकीला कुलूप देऊ, विक्रेत्यांवर निर्बंध आणू, अशा त्यात अटी होत्या. बंदूकवाल्यांच्या संघटना खवळल्या, ग्राहकांनी बहिष्कार टाकला, विक्री घसरली. मालकांनी १९८७ मध्ये सुमारे ११ कोटी डॉलरला घेतलेली ही कंपनी २००१ मध्ये दीड कोटी डॉलर आणि वर कर्जाचा बोजा, एवढ्यावर विकली. बाकीच्या कंपन्यांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला. पुढे २००५ मध्ये संसदेने कायदाच केला, की बंदुकीचा कुणी गुन्ह्यात वापर केला तर सहसा उत्पादकावर नुकसानभरपाईचा दावा चालणार नाही.

या भिंतीला एक फट सापडली. सँडी हूकच्या शाळेत डिसेंबर २०१२ मध्ये २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. काही कुटुंबांनी रेमिंग्टनवर दावा लावला तो जाहिरातींच्या मुद्द्यावर, ग्राहक संरक्षणाच्या राज्य कायद्याखाली. २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली. दिवाळखोर कंपनीऐवजी ते पैसे विमा कंपन्यांनी भरले.

आता मरतं कोण? २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. चोरासाठी आणलेली बंदूक घरातल्याच माणसावर चालते. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या अभ्यासात (२०२०) असं दिसलं, की हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण न बाळगणाऱ्या पुरुषांच्या आठपट आणि स्त्रियांत पस्तीसपट आहे. विष घेतलेला माणूस अनेकदा वाचतो, गोळी मारून घेतलेला क्वचितच. नफा कंपनीचा, दवाखान्याचा खर्च आणि पोरकी मुलं समाजाची. बंदूक-काडतुसांवर १० ते ११ टक्के केंद्रीय कर आहे, पण १९३७ च्या कायद्याने तो वन्यजीव संवर्धनाला जातो. हरणांची सोय आहे, जखमींची नाही.

'पण शोषितांना स्वसंरक्षण हवंच ना?' हवंच. कृष्णवर्णीयांचा इतिहास यासाठी वाचावा. घरावर बॉम्ब पडल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९५६ मध्ये परवाना मागितला; तो नाकारला गेला. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये आपल्याकडे दलित पँथर हे नाव आलं, त्यांनी कॅलिफोर्नियात उघडपणे बंदुका घेऊन गस्त घालायला सुरुवात केली, तेव्हा १९६७ मध्ये ते बंद करणारा कायदा झाला. त्यावर सही केली गव्हर्नर रेगन यांनी, आणि बंदूकवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेनेही त्याला पाठिंबा दिला. २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टील यांनी आपल्याकडे बंदूक असल्याचं पोलिसाला स्वतःहून सांगितलं. त्यांच्याकडे परवाना होता. पोलिसाने त्यांना गाडीतच गोळ्या घातल्या, आणि पुढच्या वर्षी तो निर्दोष सुटला. शस्त्राचा हक्क कागदावर सगळ्यांचा असतो. तो वापरला तर काय होईल, हे समोरचा तुमच्याकडे कसा पाहतो यावर ठरतं.

आपल्याकडेही परवाना जिल्हाधिकारी देतात, पण अहवाल स्थानिक पोलिसांचा लागतो. गुन्हा नोंदवायला जे ठाणं दोन दिवस फिरवतं, तेच ठाणं. आणि बंदूक शेतमजुराला परवडेल का? दोन्ही बाजूंना बंदुका आल्या तर जास्त कुणाकडे असतील, हे गावाच्या जमिनीच्या नोंदी पाहून सांगता येईल.

म्हणून त्या मुलांना मी नियम ३ पुन्हा वाचायला लावते. परवाने देण्याच्या तरतुदीआधीच त्यात दुसरी तरतूद आहे, ती कुणी वाचत नाही : अशा क्षेत्रात अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रं सरकारी शस्त्रागारात जमा करणं, आणि बेकायदा शस्त्रं जप्त करणं. बंदुका वाढवण्याआधी कमी करण्याची ही मागणी आपल्या हातात आहे, आणि ती कायद्यातच आहे.

मागच्या महिन्यात एका गावातल्या पाच जणांनी बसून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. तालुक्यात अत्याचारप्रवण म्हणून कोणती गावं नोंदली आहेत? तिथे किती शस्त्र परवाने आहेत? नियम ३ खाली आजवर किती रद्द केले? अर्ज दिल्याची पोच मिळाली आहे. उत्तराच्या तीस दिवसांतले बारा उरलेत.