सात फुटांच्या आत

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते घर घेऊन तिथे स्मारक केल्यापासून मराठी माणसांची तिकडे सतत ये-जा असते. घर पाहून झालं की बहुतेक जण थेट ट्यूब स्टेशन गाठतात. त्याऐवजी समोरची प्रिमरोझ हिल ओलांडून दक्षिणेला उतरावं. थोड्याच वेळात रीजेंट्स कालवा लागतो. १८२० मध्ये तो पूर्ण झाला. बाबासाहेब इथे होते तेव्हा त्यावरून मालाच्या बोटी जात होत्या, आणि त्या ओढणारे घोडे काठच्या वाटेने चालत होते. आज तीच वाट धरून पश्चिमेकडे लिटल व्हेनिसपर्यंत गेलं, की काठाला ओळीने बांधलेल्या लांबलचक, अरुंद बोटी दिसतात. टपावर सोलर पॅनल, सायकल, सरपणाची पोती आणि पुदिन्याची कुंडी. चिमणीतून धूर. आत कुणीतरी भांडी घासत असतं. या नॅरोबोटी म्हणजे लोकांची राहती घरं आहेत.

बोट पन्नास-साठ फूट लांब आणि रुंदी मात्र ६ फूट १० इंच. इतकी चमत्कारिक मापं कुणी हौसेने ठरवत नाही. त्यामागे जेम्स ब्रिंडली नावाचा इंजिनिअर आहे. जेमतेम लिहिता-वाचता येणारा हा गिरणी-कारागीर १७६६ मध्ये ट्रेंट अँड मर्सी कालव्याच्या कामाला लागला. कालव्याची पहिली कुदळ मारली जोसाया वेजवुडने. त्याच्या कपबशा खडबडीत रस्त्यांवरून नेताना फुटत, म्हणून त्याला पाण्याची वाट हवी होती. वाटेत हेअरकॅसलची टेकडी आडवी आली आणि तिच्या पोटातून अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणायचा होता. बोगदा जितका रुंद, तितका खर्च आणि धोका. ब्रिंडलीने बोगदा अरुंद ठेवला आणि लॉकही त्याच बेताने बांधले: सुमारे ७२ फूट लांब, ७ फूट रुंद.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, दारं लावायची, झडपा उघडून पाणी भरायचं किंवा सोडायचं. बोट पाण्याबरोबर वर चढते किंवा खाली उतरते. असा अरुंद लॉक एकदा भरायला सुमारे एक लाख लिटर पाणी लागतं आणि ते मुख्यतः वरच्या जलाशयांतून येतं. रुंदी दुप्पट केली असती तर पाणीही दुप्पट लागलं असतं. २०२५ च्या उन्हाळ्यात पाऊस ओढला आणि उत्तर इंग्लंडमधले कालव्यांचे लांबच लांब टप्पे बंद ठेवावे लागले, तेव्हा ब्रिंडलीच्या काटकसरीची किंमत पुन्हा एकदा कळली.

पण या काटकसरीने पुढच्या दोनशे वर्षांचं भवितव्यही बांधून टाकलं. सात फुटांच्या बोटीत पंचवीस-एक टन माल मावतो. घोड्यासाठी ते फार होतं, पण रेल्वे आल्यावर फारच थोडं ठरलं. मालवाहतुकीचं भाडं पडलं. किनाऱ्यावरच्या घराचं भाडं परवडेना म्हणून नावाड्यांनी बायको-मुलांना बोटीवर आणलं. मागच्या टोकाची केबिन जेमतेम दहा फूट लांब. त्यात चूल, कपाटातून उघडणारी खाट आणि चार-पाच मुलं. मुलांना शाळा नव्हती, कारण बोट एका जागी थांबत नव्हती. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथने ही दैना लोकांपुढे मांडली आणि त्यातून १८७७ आणि १८८४ चे कायदे झाले. बोटींची राहण्याची जागा म्हणून नोंदणी, किती माणसांनी राहायचं यावर मर्यादा, तपासणी. केबिनच्या दारांवर आणि पाण्याच्या डब्यांवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले आज पर्यटक कौतुकाने टिपतात. ते याच कोंदट केबिनमध्ये राहणाऱ्या माणसांचं वैभव होतं, हे विसरू नये.

मालवाहतूक विसाव्या शतकात आटत गेली. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठले, आणि उरलेला बराचसा व्यापार नंतर परतलाच नाही. कालवे बुजवले गेले नाहीत याचं मोठं श्रेय एल. टी. सी. रोल्ट या इंजिनिअर-लेखकाला जातं. १९३९ मध्ये तो नव्या नवरीला घेऊन ‘क्रेसी’ नावाच्या जुन्या बोटीवर राहायला गेला. त्या प्रवासावरचं ‘नॅरो बोट’ हे त्याचं पुस्तक १९४४ मध्ये आलं. ते वाचून रॉबर्ट ऐकमन त्याला भेटला आणि १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन उभी राहिली. पुढे दोघांचं बिनसलं, पण तोवर कालव्यांसाठी भांडणारी माणसं तयार झाली होती.

आता बोट विकत घेण्याकडे येऊ. इथे खरेदीदार हमखास फसतो तो आतल्या लाकडीकामाला भुलून. ओकचं पॅनेलिंग, पितळी खिडक्या, नवी कोरी शेगडी. पाहायचा असतो तो पत्रा. आधुनिक नॅरोबोट पोलादी असते आणि तिची ओळख आकड्यांत सांगतात: दहा-सहा-चार. तळाचा पत्रा १० मिलिमीटर, बाजूचा ६, केबिनचा ४. बोट पाण्याबाहेर काढून तज्ज्ञ आधी हातोडीने ठोकत जातो आणि आवाजावरून अंदाज घेतो. मग ठिकठिकाणी रंग खरवडून अल्ट्रासाउंडने जाडी मोजतो. सगळ्यात जास्त गंज पाण्याच्या रेघेवर धरतो, कारण तिथे पोलादाला पाणी आणि हवा दोन्ही मिळतात. नुसता पसरलेला गंज तितका वाईट नाही. वाईट असतात ते खड्डे. सहा मिलिमीटरच्या पत्र्यात दोन मिलिमीटरचा खड्डा पडला की चार उरतात, आणि चारच्या खाली गेल्यावर विमा कंपन्या कुरकुर करू लागतात. मग जुन्या पत्र्यावर नवा पत्रा वेल्ड करावा लागतो आणि बोटीची किंमत पार बदलते. जुनी पण धडधाकट बोट नव्याच्या मानाने बरीच स्वस्त मिळते, नवी साठ फुटी सहज एक लाख पौंडांच्या वर जाते. घरासाठीचं नेहमीचं गृहकर्ज इथे चालत नाही. घराखालची जमीन वाढत्या भावाची असते, बोटीखाली फक्त पाणी असतं. वर्षागणिक तिची किंमत साधारण उतरतच जाते.

म्हणून देखभाल. दर दोन-तीन वर्षांनी बोट सुक्या गोदीत घेऊन, पाण्याच्या मोठ्या फवाऱ्याने शेवाळ धुऊन तिला डांबरी काळा रंग लावायचा. इपॉक्सीचा रंग महाग पडतो, पण जास्त टिकतो. त्याच वेळी पाण्याखालच्या पत्र्याला जोडलेले मॅग्नेशियमचे ठोकळे तपासायचे. पोलादाऐवजी ते झिजतात. त्यासाठीच ते असतात.

माझ्या मते बोटवाल्याची खरी परीक्षा मागच्या टोकाला, इंजिनशेजारी होते. बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा (प्रोपेलरचा) दांडा जिथे बोटीतून बाहेर पाण्यात जातो, तिथे भोक असणारच, आणि ते पूर्ण बंद करता येत नाही कारण दांडा फिरायला हवा. ही जागा म्हणजे स्टर्न ग्लँड. शेतातला पंप ज्याने उघडला आहे त्याला ग्लँड दोरी माहीत असते. इथेही तीच ग्रीस लावलेली चौकोनी दोरी दांड्याभोवती कड्या कड्या करून बसवलेली असते. शेजारी पितळी नळकांडं, त्यात ग्रीस. दिवसभर चालवून बोट बांधली की त्याची मूठ थोडी पिळायची. आत ग्रीस दाबलं गेलं की हाताला विरोध जाणवतो आणि थेंब थांबतो. दोरी फार आवळली तर दांडा तापतो आणि झिजतो. सैल सोडली तर तळात पाणी साचतं. चालताना अधूनमधून एखादा थेंब पडणं निरोगीपणाचं लक्षण मानतात. स्टर्न ग्लँडच्या जवळच एक झाकण असतं. ते उघडून पंख्यात अडकलेल्या चिंध्या, तार, प्लॅस्टिक हाताने कापून काढायचं. हिवाळ्यातल्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून. काम झालं की झाकण नीट कसलंय का ते दोनदा पाहायचं. ते ढिलं राहिलं आणि पंखा सुरू झाला, तर पाणी आत उसळून बोट बुडू शकते. आणि बोटी अशाने बुडाल्या आहेत.

दुसरा धोका लॉकमध्ये. वरच्या दाराखाली काँक्रीटचा किंवा दगडाचा उंबरा पुढे आलेला असतो. लॉक भरलेला असताना तो पाण्याखाली दडलेला असतो. उतरताना बोटीचं मागचं टोक त्यावर टेकलं आणि पाणी खाली जात राहिलं, तर बोट शेपटावर लटकते, पुढचं टोक पाण्यात घुसतं, आणि सगळा खेळ एक-दोन मिनिटांत संपतो. भिंतीवर पांढरी रेघ मारलेली असते. तिच्या पुढे राहायचं. झडपांपाशी उभ्या माणसाने सुकाणूवरच्या माणसावरून नजर हलवायची नाही.

आतलं जगणं मोजणीचं असतं. बऱ्याच बोटींत चार-पाचशे लिटरची टाकी असते. ती भरायला बोट नळापर्यंत न्यावी लागते, नळ पाणी देईल तितका वेळ थांबावं लागतं. वीज सोलरची. डिसेंबरमध्ये ऊन तीन-चार तासही धड नसतं, मग इंजिन चालवून बॅटरी भरायची. त्याच इंजिनच्या उष्णतेवर आंघोळीचं पाणी तापतं. ऊब कोळशाच्या बंब-शेगडीची. पोलादी भिंतींवर आतून घाम धरतो, गादीखाली बुरशी येते, म्हणून थंडीतही खिडकी किंचित उघडी ठेवावी लागते. हवा खेळती नसेल तर कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. २०१९ पासून बहुतेक बोटींवर त्याचा अलार्म सक्तीचा आहे. दर चार वर्षांनी गॅस, वीज आणि इंधनाची तपासणी करून सुरक्षा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. शौचालय हा बोटवाल्यांच्या गप्पांचा अखंड विषय. कुणाकडे कॅसेट, म्हणजे सुटकेसएवढी पेटी, जी स्वतः उचलून ठरलेल्या ठिकाणी ओतायची. कुणाकडे मोठी टाकी, जी पैसे देऊन उपसून घ्यायची. कुणाकडे कोरडं खत करणारं. शहरात साखळी ओढून आपण जे विसरतो, ते इथे आपल्याच हाताने वाहून न्यावं लागतं. या जगण्याबद्दल मला आदर वाटतो तो याच कारणाने. पाणी, ऊब, उजेड, मैला, प्रत्येकाचा हिशेब राहणाऱ्याकडे असतो.

सरकारी बाजू मात्र तितकी सरळ नाही. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळते. तिचा परवाना लागतोच. १९९५ च्या कायद्याने दोन वाटा ठेवल्या: एकतर बांधायची कायमची जागा दाखवा, नाहीतर फिरत राहा. फिरणाऱ्याने एका जागी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. सुट्टीवर निघालेल्याला ही अट सोपी वाटते. ज्याची मुलं शाळेत आहेत, ज्याला नियमित डायलिसिस आहे, ज्याची नोकरी एकाच रुग्णालयात आहे, त्याला ती जाचते. २०२४ पासून फिरत्या बोटींना परवान्यावर वेगळा अधिभार आहे. सरकारने २०२३ मध्ये ट्रस्टचं अनुदान २०२७ पासून आक्रसत जाईल असं सांगितलं, तेव्हा हे होणारच होतं. दोनशे वर्षं जुनी धरणं, बांध आणि बोगदे दुरुस्त करायला पैसा लागतो, हे ट्रस्टचं म्हणणं खोटं नाही. पण लंडनच्या घरभाड्यातून सुटायला म्हणून जे बोटीवर आले, त्यांच्यावर तो बोजा टाकणं मला पटत नाही. रेल्वेच्या काळात नावाड्यांची कुटुंबंही भाडं झेपेना म्हणूनच बोटीवर आली होती.

एवढं ऐकूनही ज्यांना बोट घ्यायची असेल, त्यांनी ती जूनमध्ये पाहू नये. जूनमध्ये सगळ्याच बोटी छान दिसतात. जानेवारीत आठवडाभरासाठी भाड्याने घ्यावी. टाकी एकदा स्वतः भरावी, कॅसेट एकदा स्वतः रिकामी करावी, गोठलेल्या दोराची गाठ हातमोज्यांशिवाय सोडवावी, पहाटे विझलेली शेगडी पुन्हा पेटवावी. निदान एक लॉक पावसात चढून जावा. त्यानंतरही मन ढळलं नाही, तर मग सर्व्हेयरला फोन करावा आणि बोट पाण्याबाहेर काढायला सांगावी.